उणे चाळीस

वेग्रेव्हिलच्या शोरूममध्ये तीन इंजिनं मांडलीत,
म्हणजे कागदावर.
चार सिलिंडर, टर्बो.
आठ सिलिंडर, जुन्या वळणाचं.
आणि डिझेल, ज्याचा आकडा सांगताना
सेल्समन ब्रेंट आवाज खाली आणतो,
लग्नाच्या मुलाचा पगार सांगावा तसा.

मला आठच हवंय. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
बाबांच्या ट्रकला आठ होते.
तो अंगणात वळला की
कपाटातल्या बशा बोलू लागायच्या
आणि आई म्हणायची, आले, ताटं घ्या.
घरी येण्याला तेव्हा आवाज होता.

डारिया केव्हाची मागच्या सीटवर चढून बसलीय,
शिवणाची टेप घेऊन.
सातवा महिना, कोटाचं मधलं बटण लागत नाही.
तीन बाळखुर्च्या एका ओळीत बसवायच्यात:
मार्कोची, झेनियाची,
आणि जिचं नाव अजून ठरत नाहीये तिची.
"दीड इंच कमी पडतंय," ती आतून ओरडते,
"झेनियाच्या खुर्चीचे हात काढले तर मावेल."

मी ओढायची ताकद वाचतोय.
सासऱ्यांचा कॅम्पर अडीच टनांचा.
वर्षातून दोनदा हलतो,
एकदा जॅस्परला, एकदा तिथून परत.
एरवी ओढायचं ते दूध, डायपर,
हॉकीच्या ओल्या पिशव्या,
आणि मागून येणारं "अजून किती लांब?"
त्याचं वजन कुठल्याच तक्त्यात नाही.

ब्रेंट टॉर्कवर आलाय. हात हलवून समजावतोय.
डारिया खाली उतरते, एक हात दाराला, एक कमरेला.
"उणे चाळीसला यातलं कुठलं
पहिल्या चावीत उठतं?"

"सगळीच," ब्रेंट हसतो, "हीटरचा प्लग लावलेला असेल तर."

"आणि नसेल तर?"

ती माझ्याकडे बघत नाही.
बघितलं असतं तर बरं झालं असतं.

फेब्रुवारी होता. मार्कोची रात्र.
जुनं डिझेल टाकीत मेणासारखं थिजलेलं.
आत ती टेबलाची कड धरून आकडे मोजत होती,
बाहेर मी चावी फिरवत होतो,
पुन्हा, पुन्हा,
आणि हीटरची वायर
बंपरवर गुंडाळलेली तशीच.
मी ती लावायला विसरलो होतो.
हे वाक्य आमच्या घरात
चार वर्षांत एकदाही उच्चारलं गेलेलं नाही.
शेवटी शेजारचा पेट्रो धान्याचा ट्रक घेऊन आला,
पायजम्यावर पार्का चढवून.
तिला वर चढवायला आम्ही दोघं लागलो.
पहाटे चार दहाला पोरगा रडला
आणि मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये जाऊन
कुणाच्या तरी गाडीचा प्लग तपासला.

ब्रेंटचं हसू ओसरलंय. तो कागद खाली ठेवतो.
"माझी बायको चार सिलिंडरवाला चालवते," तो म्हणतो,
"नर्स आहे. रात्रपाळी.
सहा हिवाळ्यांत मला एकदाही फोन आला नाही."
मग, जरा ओशाळून,
"आठवाला विकला तर मला जास्त मिळतात."

डारिया टेप गुंडाळते.
मी आठाच्या कागदाची घडी घालतो,
खिशात ठेवतो. कशाला, माहीत नाही.

घरी आलो तेव्हा अंधार पडला होता.
इंजिन इतकं हळू बोलतं की
अंगणातला कुत्रासुद्धा उठला नाही.
बशा गप्प.
मी बॉनेटखालची वायर ओढली,
नवी, अजून ताठ,
आणि खांबावरच्या सॉकेटमध्ये खोचली.
ऑक्टोबर. अधिक तीन.
पेट्रोने कुंपणापलीकडून बघितलं असेल तर
हसला असेल पोट धरून.
हसू दे.

खिडकीत डारिया उभी होती.
काही बोलली नाही.
पाठमोरी झाली, आणि ताटं घेऊ लागली.